महापुरात दवाखाना कसा चालतो?

जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या कोणत्याही माणसाला विचारा, "पंचगंगा किती फुटांवर आहे?" तो क्षणाचाही विचार न करता आकडा सांगेल. कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर नदीची पातळी मोजतात. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. हे दोन आकडे कोल्हापूरच्या शाळकरी मुलांनाही पाठ असतात.

ऑगस्ट २०१९ मध्ये हे पाणी ५५ फुटांच्या वर गेले. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच घडले, आणि तेव्हा करोनाची साथही अजून ओसरली नव्हती. दोन्ही वेळा शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर पाणी आले आणि वाहतूक थांबली. पहिल्या खेपेस तर हा रस्ता जवळजवळ आठवडाभर बंद होता. कित्येक गावांना होडीखेरीज दुसरी वाट उरली नव्हती.

अशा वेळी शाळेला सुट्टी देता येते. दुकाने आणि कारखाने बंद ठेवता येतात. दवाखान्याला मात्र कुलूप लावता येत नाही. उलट त्याचे काम वाढते. मग चहूकडे पाणी असताना दवाखाना चालतो तरी कसा? त्यासाठी आधी दवाखाना कशावर चालतो ते पाहू या.

तेव्हाचा दवाखाना आणि आताचा

कोल्हापुरातील सी.पी.आर., म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, जुन्या लोकांच्या तोंडी आजही 'थोरला दवाखाना' आहे. संस्थानी काळात, १८८० च्या दशकात तो उभा राहिला, तेव्हा त्याचे नाव आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल असे होते. त्या काळच्या दवाखान्याची कल्पना करा. क्ष-किरणांचा शोध लागायचा होता. तो १८९५ मध्ये लागला. रक्तगट १९०१ मध्ये समजले. मधुमेहावरचे इन्शुलिन १९२१-२२ मध्ये हाती आले. पेनिसिलिन रुग्णांना मिळू लागले ते १९४० नंतर. तेव्हाच्या डॉक्टरांना विहिरीचे पाणी, कंदिलाचा उजेड आणि कपाटभर औषधे यांवर काम भागवावे लागे. पूर आला म्हणून त्यांचे फारसे काही अडत नसे. कारण अडण्याजोगे त्यांच्यापाशी फारसे नव्हतेच! कित्येक रुग्ण मात्र दगावत.

आजचा दवाखाना त्यांतील पुष्कळांना वाचवतो. पण त्यासाठी त्याला प्राणवायू, शुद्ध पाणी, वीज, रक्त आणि औषधे यांचा अखंड पुरवठा लागतो. यांतील बहुतेक गोष्टी बाहेरून येतात. दवाखान्याचे बळ जसे वाढले, तसे त्याचे परावलंबनही वाढले. हे कोडे आजच्या वैद्यकापुढे रोजच असते. पूर आला की ते उघड्या डोळ्यांना दिसते.

प्राणवायूचे गणित

दवाखान्यात तुम्ही प्राणवायूचे उंच सिलिंडर पाहिले असतील. अशा मोठ्या सिलिंडरमध्ये साधारण ७,००० लिटर वायू दाबून भरलेला असतो. गंभीर रुग्णाला मिनिटाला १० लिटर प्राणवायू लागतो असे धरा. म्हणजे तासाला ६०० लिटर झाले. सिलिंडर किती तास पुरेल? बारा तासही नाही! असे वीस रुग्ण असतील तर दिवसाला चाळीसहून अधिक सिलिंडर हवेत.

म्हणून मोठ्या दवाखान्यांत द्रवरूप प्राणवायूची टाकी असते. प्राणवायू उणे १८३ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला की त्याचा द्रव होतो. या एका लिटर द्रवापासून सुमारे ८५० लिटर वायू मिळतो. म्हणजे हजार लिटरच्या टाकीत जवळजवळ १२० सिलिंडर मावले! टाकीला थर्मासच्या बाटलीसारख्या दोन भिंती असतात आणि त्यांच्यामध्ये निर्वात पोकळी असते.

पण हा द्रव टँकरने येतो, आणि टँकर पुरातून पोहत येत नाही. त्यावर एक उपाय म्हणजे दवाखान्याच्या आवारातच हवेतून प्राणवायू वेगळा करणे. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के प्राणवायू असतो. झिओलाइट नावाच्या खनिजाच्या खड्यांतून दाबाखाली हवा सोडली, की खडे नायट्रोजन धरून ठेवतात आणि सुमारे ९३ टक्के शुद्धतेचा प्राणवायू पुढे जातो. करोनाच्या साथीत देशात ठिकठिकाणी असे प्रकल्प उभारले गेले. रस्त्याची अडचण सुटली. पण हे यंत्र चालते कशावर? विजेवर. एक धागा तुटू नये म्हणून आपण दुसऱ्याला धरले, एवढेच.

पाणीच पाणी, पण नळ कोरडा

कोल्हापूर शहराला पाणी देणारी उपसा केंद्रे नदीकाठी होती. दोन्ही महापुरांत ती पाण्यात बुडाली. गावाबाहेर नदी समुद्रासारखी पसरलेली, आणि घरातले नळ कोरडे! (पुढे २०२३ मध्ये काळम्मावाडी धरणातून थेट नळाने पाणी शहरात आले.)

नळ कोरडा पडला की सर्वांत मोठी काळजी असते ती मूत्रपिंडाच्या रुग्णांची. आपली मूत्रपिंडे रात्रंदिवस रक्त गाळत असतात. ती निकामी झाली की ते काम यंत्राकडून करून घ्यावे लागते. याला डायलिसिस म्हणतात. पहिले उपयोगी यंत्र हॉलंडमध्ये विलेम कोल्फ या डॉक्टरांनी १९४३ च्या सुमारास, ऐन महायुद्धात बनवले. त्यासाठी त्यांनी खाद्यपदार्थ भरण्यासाठी वापरतात तसल्या सेलोफेनच्या नळ्या लाकडी पिंपावर गुंडाळल्या होत्या.

या यंत्रात पातळ पडद्याच्या एका बाजूने रक्त वाहते आणि दुसऱ्या बाजूने क्षारयुक्त पाणी. रक्तातील घाण पडद्यातून पाण्यात उतरते. हे पाणी मिनिटाला अर्धा लिटर या वेगाने वाहते. एका वेळचे डायलिसिस साधारण चार तास चालते. करा हिशेब : १२० लिटर! शुद्ध करताना वाया जाते ते वेगळेच. आणि हे पाणी पिण्याच्या पाण्याहूनही शुद्ध हवे. आपण प्यायलेल्या पाण्याची आतडे थोडीफार छाननी करते. येथे पाणी आणि रक्त यांच्यामध्ये फक्त एक पडदा असतो.

आठवड्यातून दोन-तीनदा हे करावेच लागते. दिवस चुकले तर अंगात पाणी साठते, रक्तातील पोटॅशियम वाढते आणि हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणून पुराची चिन्हे दिसताच एक दिवस आधीच डायलिसिस करून घेणे शहाणपणाचे असते. खाण्यापिण्याचेही पथ्य हवे. छावणीत कोणी प्रेमाने केळी वाटतो; तुम्हाआम्हाला ती उत्तम. पण केळ्यात पोटॅशियम भरपूर असते, आणि डायलिसिस लांबलेल्या रुग्णाला तीच केळी घातक ठरू शकतात.

तेराव्या मजल्यावरचे जनित्र

वीज गेली की जनित्र सुरू करतात. मग ते कोठे ठेवावे? अर्थात उंचावर. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू हॉस्पिटलने आपली जनित्रे तेराव्या मजल्यावर ठेवली होती. ऑक्टोबर २०१२ मध्ये 'सँडी' नावाचे चक्रीवादळ आले. जनित्रांना पाणी लागले नाही, पण त्यांना डिझेल चढवणारे पंप तळघरात होते, ते बुडाले! मग माणसांनी जिन्यात साखळी करून हातोहात इंधन तेरा मजले वर पोचवले. त्याच शहरातील दुसऱ्या एका मोठ्या रुग्णालयात तर नवजात बाळांना परिचारिकांनी कडेवर घेऊन अंधाऱ्या जिन्याने खाली उतरवले. श्वासासाठी त्या हाताने पिशवी दाबत होत्या.

जगातील सर्वांत श्रीमंत शहरांपैकी एकाची ही गोष्ट. यंत्र उंचावर आणि पंप खाली, एवढ्याशा विसंगतीने सगळे रुग्णालय रिकामे करावे लागले. साखळीचे बळ तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकेच असते. आपल्याकडेही महापुरात पेट्रोल-डिझेलची टंचाई जाणवली होती. म्हणजे जनित्र आहे, पण डिझेल किती तासांचे आहे, हाही प्रश्न विचारायलाच हवा.

वीज केवळ यंत्रांना लागते असे नाही. रक्तपेढीतील रक्त २ ते ६ अंश सेल्सिअसला ठेवावे लागते, तर लसी २ ते ८ अंशांना. रक्तातील बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, जेमतेम पाच दिवस टिकतात. त्या साठवून ठेवताच येत नाहीत. रक्तदाता दवाखान्यापर्यंत पोचला तरच त्या मिळणार.

आधी कोणाला?

आता एक अवघड प्रश्न. गावात एकच होडी आली आहे. काठावर चौघे उभे आहेत. पत्रा लागून पाय कापलेला तरुण मोठमोठ्याने ओरडत आहे. रक्त थांबले आहे. एका बाईंना प्रसूतीच्या कळा सुरू झाल्या आहेत. एका आजोबांचे डायलिसिस चार दिवस चुकले आहे. त्यांना धाप लागली आहे, बोलवत नाही. एका मुलाला कालपासून थोडा ताप आहे. होडीत जागा दोघांना. कोणाला न्याल?

सर्वांत मोठा आवाज त्या तरुणाचा. पण ज्याला ओरडता येते, त्याचा श्वास शाबूत आहे, हे डॉक्टर प्रथम पाहतात. बोलू न शकणारे आजोबा आणि प्रसूतीच्या बाई यांना आधी न्यावे लागेल. रुग्णांची अशी विभागणी करण्याची पद्धत नेपोलियनच्या सैन्यातील लारे या शल्यविशारदापासून रुळली. आज त्यासाठी तांबडा, पिवळा आणि हिरवा असे रंग वापरतात : तांबडा तत्काळ, पिवळा थोड्या वेळाने, हिरवा थांबू शकेल असा.

कागदावर हे सोपे वाटते. प्रत्यक्षात हिरव्या रंगाच्या रुग्णाची आईही समोर उभी असते आणि तिला आपलेच मूल सर्वांत आजारी वाटते. निर्णय घेणारी डॉक्टर किंवा परिचारिका दोन दिवस घरी गेलेली नसते. कदाचित तिच्या स्वतःच्या घरातही पाणी शिरलेले असते. या थकव्यावर अजून कोणते यंत्र निघालेले नाही.

पाणी ओसरल्यावर

पूर उतरला की आपण सुटकेचा श्वास सोडतो. दवाखान्याची दुसरी परीक्षा तेव्हा सुरू होते. उंदीर आणि गुरे यांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरा नावाचे जंतू चिखलात येतात आणि पायाच्या भेगांतून माणसाच्या शरीरात शिरतात. ताप येतो तो साधारण ५ ते १४ दिवसांनी. तोपर्यंत रुग्ण तो चिखल विसरलेलाही असतो! म्हणून पुरानंतर ताप आला तर डॉक्टरांना 'मी पुराच्या पाण्यात उतरलो होतो' हे आवर्जून सांगा. औषध मनाने घेऊ नका.

बिळांत पाणी शिरल्याने नाग, घोणस, मण्यार घरांच्या आसऱ्याला येतात. सर्पदंश झाल्यास मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. प्रतिविष दवाखान्यातच मिळते.

तिसरा शत्रू म्हणजे दूषित पाणी. २०१२ मध्ये पंचगंगेच्याच काठच्या इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली होती. दवाखाने रुग्णांनी भरून गेले होते. ती पुरामुळे आली नव्हती, पण पिण्याच्या पाण्यात मैलापाणी मिसळले की काय होते, हे तिने दाखवून दिले. पूर हे मिसळण्याचे काम एका रात्रीत करतो. विहिरीत टीसीएल पावडर टाकणे आणि पाणी उकळून पिणे या साध्या गोष्टींनी दवाखान्यातील कितीतरी खाटा रिकाम्या राहतात.

फुटांचे वेळापत्रक

कोल्हापूरच्या पुराचा एक गुण ध्यानात घ्या. तो भूकंपासारखा न सांगता येत नाही. भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी यांच्या खोऱ्यांत पाऊस पडतो, धरणे भरतात, मग बंधाऱ्यावर पाणी चढू लागते. अतिवृष्टीत हा अवधी फार कमी होतो, तरी काही तास हातात असतात. म्हणून दवाखान्याचे घड्याळ नदीच्या पट्टीला जोडता येते.

पाणी ३९ फुटांकडे निघाले की टाक्या भराव्यात, डिझेल आणि प्राणवायू मोजावा, डायलिसिसच्या रुग्णांना बोलावून घ्यावे. आशा सेविकांकडे गावातील गरोदर स्त्रियांची नोंद असते. ज्यांचे दिवस भरत आले आहेत त्यांना रस्ता कोरडा असतानाच सुरक्षित ठिकाणी हलवावे. ४३ फुटांनंतर हीच कामे होडीने करावी लागतात, आणि होडीत जागा दोघांनाच असते.

तुम्हीही एक काम करा. आपल्या गल्लीत किंवा गावात डायलिसिसवर कोण आहे, इन्शुलिन कोण घेते, कोणाच्या घरी बाळ येणार आहे, याची यादी घरातील मोठ्यांच्या मदतीने करा. प्रत्येकापुढे औषध किती दिवसांचे शिल्लक आहे ते लिहा. ही माहिती त्या घरांची खाजगी आहे, म्हणून ती चारचौघांत वाचू नका. आशाताईंच्या किंवा आरोग्य केंद्राच्या हाती द्या. जून महिन्यात ही वही तयार असेल तर ऑगस्टमध्ये तिचा उपयोग होईल.