नजरेवर उबणारी अंडी

'ड्रॅगन केव्ह' हा इंटरनेटवरचा खेळ 2006 साली सुरू झाला. त्यात लढाई नाही आणि जिंकणं-हरणंही नाही. गुहेत अंडी मांडलेली असतात, त्यातलं एक उचलून दत्तक घ्यायचं. जातीचं नाव कुठे लिहिलेलं नसतं, फक्त एका ओळीची खूण असते. एका अंड्याला चीजचा वास येतो, दुसरं कागदाच्या घड्या घालून केलेलं असतं, तिसरं इतरांपेक्षा बरंच लहान असतं. या लहानग्यातून ड्रॅगनऐवजी चक्क कोंबडी निघते.

उचललेल्या अंड्याला सात दिवसांची मुदत असते. त्याला ऊब मिळते ती लोकांच्या नजरेची. अंड्याचं चित्र चार ठिकाणी लावायचं. जितके जण पाहतील आणि त्यावर क्लिक करतील, तितकं ते उबतं. पहिले तीन दिवस तर काढावेच लागतात. पुढच्या चार दिवसांत पुरेशा नजरा पडल्या तर पिल्लू बाहेर येतं, नाहीतर अंडं दगावतं. मात्र थोड्या वेळात फार जणांनी पाहिलं तर ते आजारी पडतं. यावर धुक्याआड लपवण्याची सोय आहे. आपल्या आज्या दृष्ट लागलेल्या बाळाला पदराआड घेतात, त्यातलाच प्रकार.

हा डोलारा चित्रांवर उभा आहे आणि ती चित्रं येतात हौशी मंडळींकडून. नव्या जातीची कल्पना बहुतेकदा खेळणाऱ्यालाच सुचते: हा प्राणी कुठे राहतो, काय खातो, चिडका की लाजाळू. पण लिहिता येणारे पुष्कळ आणि चित्र काढणारे मोजके. त्यामुळे कल्पनावाल्याला चित्रकार शोधावा लागतो, पटवावा लागतो. खरी भरती होते ती इथे, मनधरणीने.

एक ड्रॅगन म्हणजे एक चित्र नव्हे. अंडं, नुकतं फुटलेलं पिल्लू, थोडं वाढलेलं पिल्लू, मग मोठे नर आणि मादी, असा संच लागतो, आणि सगळ्यांत तोच प्राणी ओळखू यायला हवा. चित्रं इंचभराची, एकेक पिक्सेल हाताने भरलेली. डोळा म्हणजे दोन-तीन ठिपके. त्यातला एक सरकला की ड्रॅगन तिरळा. पार्श्वभूमी पारदर्शक असते, म्हणून पंखाच्या कडेला चुकून राहिलेले पांढरे ठिपके पांढऱ्या पडद्यावर दिसत नाहीत, काळ्यावर मात्र दात विचकतात. इतर चित्रकार हे सगळं सुनावतात, तेही भीड न ठेवता. दुरुस्त्यांच्या फेऱ्या संपून संच पुरा झाला तरी तो खेळात घ्यायचा की नाही, हे चालवणारे ठरवतात.

मोबदला म्हणाल तर नाव. ड्रॅगनच्या पानावर चित्रकाराचा उल्लेख असतो. मला हा व्यवहार सरळ वाटतो, पण त्याला रोजगार म्हणू नये. अशाच आभासी पाळीव प्राण्यांचं 1999 मध्ये सुरू झालेलं 'निओपेट्स' व्हायकॉम कंपनीने 2005 मध्ये 16 कोटी डॉलरना विकत घेतलं होतं. बाजारात या प्राण्यांना किंमत आहे, हे उघड आहे. 'ड्रॅगन केव्ह'ची चाल त्या मानाने घरगुती राहिली आणि त्यातच तिची गंमत आहे. पण कुणी नवशिक्याला 'नाव होईल' असं सांगून राबवायला निघाला, तर त्याला पैशांचं आधी विचारावं.

चित्र एकदा गुहेत गेलं की त्याचं पुढे काय होईल, हे चित्रकाराच्या हातात नसतं. मोठे झालेले ड्रॅगन जोड्या लावून वाढवता येतात आणि प्रत्येकाची वंशावळ दिसते. जाणकार ती काटेकोर सांभाळतात: पिढ्यान् पिढ्या त्याच दोन जातींची आलटून-पालटून मांडणी, मध्ये एकही परका नको. सोयरीक जमवताना जात दुर्मीळ आहे का हे बघतात. कित्येक जण मात्र दोन चित्रं शेजारी ठेवून रंग जुळतात का, एवढंच पाहतात.