पर्यंत म्हणजे कुठपर्यंत?

तुमच्या बाईंनी सांगितलं, "उद्या पान १२ पर्यंत वाचून या," तर तुम्ही बारावं पान वाचाल की नाही?

हसू नका! आमच्या चौथीच्या वर्गात यावरून एकदा मोठं रामायण झालं. सगळी मुलं बारावं पान वाचून आली. एक मुलगी मात्र अकराव्या पानावरच थांबली होती. मी तिला सगळ्यांसमोर रागावले. ती मान खाली घालून म्हणाली, "बाई, मधल्या सुट्टीपर्यंत गणितं सोडवा म्हणता, तेव्हा मधल्या सुट्टीत थोडीच सोडवतो आम्ही?"

वर्ग हसला. मला मात्र काही बोलताच येईना, कारण तिचं बरोबर होतं. कळव्यापर्यंतचं तिकीट काढलं तर कळवा स्टेशन त्यात धरलेलं असतं. सुट्टीपर्यंत म्हटलं तर सुट्टी त्यात धरलेली नसते. शब्द एकच, अर्थ दोन! चूक तिची नव्हतीच, माझ्या वाक्याची होती. आणि ओरडा तिला बसला.

घरी आल्यावर ही गोष्ट मी भाच्याला सांगितली. तो इंजिनिअरिंगला आहे. तो एकदम उठून बसला. "मावशी, अगं आमच्याकडे याच शब्दावरून तीन दिवस चर्चा चाललीय!"

आता त्याची गोष्ट ऐका. पायथन नावाची एक प्रोग्रॅमिंगची भाषा आहे. नेदरलँड्सच्या गिडो व्हॅन रॉसम यांनी ती १९९१ साली सगळ्यांसाठी खुली केली. तिच्यात 'रेंज' नावाची एक सोय आहे. रेंजला १ आणि १० हे दोन आकडे दिले, की ती १, २, ३ असं मोजत जाते आणि ९ वर थांबते. दहा येतच नाही! म्हणजे ही गाडी कळव्याचं तिकीट असून ठाण्यालाच थांबणारी.

हा वेडेपणा नाही बरं का. दहातून एक वजा करा. नऊ आले ना? तेवढेच आकडे रेंज देते. शिवाय एक रेंज १० ला संपली, की पुढची थेट १० पासून सुरू करता येते. मध्ये काही गळत नाही, काही दोनदा येत नाही. एड्स्खर डायक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञांनी १९८२ साली एक छोटंसं टिपण लिहून अशी मोजणी का बरी, ते समजावून सांगितलं होतं.

पण नव्याने शिकणाऱ्याला हे कोण सांगणार? सांगते ती माहितीपुस्तिका. मिक्सरबरोबर कशी एक पुस्तिका येते, तशी बऱ्याच प्रोग्रॅमबरोबर असते. तिला डॉक्युमेंटेशन म्हणतात. काही प्रोग्रॅम 'ओपन सोर्स' असतात. म्हणजे आजीने लाडूची कृती लपवून न ठेवता सगळ्या आळीला दिली, आणि वर म्हणाली, "सुधारता आली तर सुधारा, मलाही सांगा." अशा प्रोग्रॅमची पुस्तिकाही उघडी असते. तिच्यातलं एखादं वाक्य खटकलं, तर कळव्यात बसलेला मुलगाही बदल सुचवू शकतो.

मात्र सुचवला की लगेच छापला, असं होत नाही. आधी त्याची तपासणी होते. त्यासाठी बहुतेक ठिकाणी 'गिट' वापरतात. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली ते तयार केलं. गिट जुनी ओळ उणे चिन्ह लावून दाखवतं आणि नवी ओळ अधिक चिन्ह लावून. भाच्याने मला समजेल असं मराठीत लिहून दाखवलं:

− ही सोय १ पासून १० पर्यंतचे आकडे देते.
+ ही सोय १ पासून सुरू होते आणि १० च्या आधी थांबते.

एवढाच बदल! मग तपासणारे विचारू लागले. 'आधी' म्हणजे नऊ की साडेनऊ? उलटं मोजलं, दहाकडून एककडे, तर 'आधी' हा शब्द चालेल का? एकाने सुचवलं, "शेवटचा आकडा धरला जात नाही, असं सरळच लिहा ना." तेच ठरलं. भाच्याचं वाक्य पडलं आणि दुसऱ्याचं लागलं. तो जरा हिरमुसला होता. पण नवं वाक्य जास्त चांगलं आहे, हे त्यानेच मला दोनदा सांगितलं.

वर्षानुवर्षं रुळलेले शब्दही बदलतात. एका यंत्राने हुकूम द्यायचा आणि दुसऱ्याने तो पाळायचा, अशा जोडीला संगणकाच्या जगात 'मालक-गुलाम' अशा अर्थाचे इंग्रजी शब्द वापरत. २०१८ साली पायथनच्या मंडळींनी ते बऱ्याच ठिकाणी काढून टाकले. यावर वादही झाला. काही म्हणाले, यंत्राला कसलं आलंय दुःख? पण पुस्तिका यंत्र वाचत नाही, माणसं वाचतात. ज्यांच्या पणज्या-खापरपणज्यांना बाजारात विकलं गेलं, तीही वाचतात. मला तरी तो बदल पटला.

आणखी एक शब्द तपासणारे हटकून पकडतात. तो म्हणजे 'सोपं'. "आता फक्त एवढं करा, सोपं आहे." ज्याला जमतं, त्याला या शब्दाची गरजच नसते. ज्याचं अडतं, त्याला मात्र वाटतं, आपणच ढ! हे ऐकून मी गप्पच झाले. दिवसातून दहा वेळा तरी मी फळ्यापाशी उभी राहून म्हणते, "सोप्पं तर आहे!"

अशी कामं आपल्याकडेही झाली आहेत. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी पुण्यात मेजर थॉमस कँडी मराठी शाळांच्या पुस्तकांची भाषा तपासत. मराठीत स्वल्पविराम, पूर्णविराम रुळवण्याचं श्रेय त्यांना देतात. पुण्यातच २००८ साली रेड हॅट कंपनीतल्या मंडळींनी 'फ्यूएल' नावाचा उपक्रम सुरू केला. संगणकाच्या पडद्यावर पुन्हापुन्हा येणारे शब्द निवडायचे आणि भाषा जाणणाऱ्यांनी एकत्र बसून एकेक शब्द ठरवायचा. 'जतन करा' बरं, 'साठवा' बरं, की 'सेव्ह करा'च ठेवायचं? तुम्ही काय निवडाल?

आणि जून २०१९ आठवतो? तुमच्यातले काही जण तेव्हा फारच लहान असतील. बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'सत्तावीस'च्या जोडीला 'वीस सात' असं वाचन आलं. लहान मुलांना जोडाक्षरं जड जातात, हे समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी समजावून सांगितलं. तरी वर्तमानपत्रांपासून विधानसभेपर्यंत चर्चा झाली. (विधानसभा धरून!) घरी 'सत्तावीस' ऐकणाऱ्या मुलाचं काय, अशी शंका मलाही होती. पण वर्गात सत्तावीस सांगितल्यावर बहात्तर लिहिणारी मुलं मी रोज बघते. त्यामुळे ते पुस्तक मला हसण्यावारी नेता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात त्या मुलीला सगळ्यांसमोर म्हटलं, "काल तुझं चुकलं नव्हतं, माझं चुकलं होतं." मग फळ्यावर लिहिलं, "पान १२ संपेपर्यंत वाचून या."

तिचा हात लगेच वर आला.

"बाई, पण सुरुवात कुठून करायची?"