साहेब, इथे सही करा!

२०२५ च्या ऐन श्रावणातली गोष्ट. आमचे नाना संध्याकाळी घरी आले, चहाचा कप तसाच पुढे सरकवला आणि म्हणाले, "सर, आते काय करानं?"

नाना म्हणजे शिरपुरातल्या एका संस्थेच्या प्रयोगशाळेचे काम पाहणारे गृहस्थ. तीस वर्षांच्या नोकरीत एक परीक्षानळीही त्यांनी नोंद केल्यावाचून फुटू दिली नाही. अशा माणसाला आयकर खात्याचा निरोप आला होता की, २०२३-२४ च्या विवरणपत्रातील वजावटी पुन्हा तपासून पाहाव्यात.

आम्ही ते विवरणपत्र उघडून वाचले. नाना राहतात स्वतःच्या घरात आणि वजावट घेतलेली घरभाड्याची! शिवाय एका राजकीय पक्षाला भरघोस देणगी. नाना कपाळावर हात मारून म्हणाले, "मी ते कोना पक्षले चहा बी पाजा नही!"

हा प्रताप एजंटाचा. पगारातून कापलेला चोवीस हजारांचा कर त्याने परत मिळवून दिला, चार हजार स्वतःला ठेवले आणि म्हणाला, "साहेब, इथे सही करा." नानांनी केली.

नाना एकटे नव्हते. १४ जुलै २०२५ रोजी आयकर खात्याने अशा खोट्या वजावटींसाठी देशभर दीडशे ठिकाणी तपासणी केली. त्यात महाराष्ट्र होता, तसेच आमच्या शेजारचे गुजरात आणि मध्य प्रदेशही होते. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे चाळीस हजार करदात्यांनी १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे आपणहून मागे घेतले होते.

आता मी पडलो मराठीचा मास्तर. मला या कागदात दिसले ते व्याकरण. विवरणपत्राच्या शेवटी प्रतिज्ञा असते, आणि तिचा कर्ता असतो 'मी'. वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी व पूर्ण आहे, असे हा 'मी' सांगतो. प्रथमपुरुषी एकवचन! त्या वाक्यात एजंटाला कुठेही जागा नाही.

चूक सुधारायला कायद्याने वाट ठेवली आहे. तिचे नाव अद्ययावत विवरणपत्र. पूर्वी त्याला दोन वर्षांची मुदत होती, २०२५ पासून ती चार वर्षांची झाली. मात्र उशीर महाग पडतो. थकलेला कर आणि व्याज यांच्या बेरजेवर पहिल्या वर्षी २५ टक्के, मग ५०, ६० आणि ७० टक्के जादा भरावे लागतात. नाना पहिल्याच वर्षात होते. चोवीस हजार, त्यावरचे व्याज आणि वर पाव हिस्सा त्यांनी भरला. एजंटाचे चार हजार काही परत आले नाहीत.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा आयकर कायदा जाऊन २०२५ चा नवा कायदा लागू झाला. ८१९ कलमांची ५३६ झाली, शब्द जवळपास निम्म्यावर आले. 'गतवर्ष' आणि 'निर्धारण वर्ष' ही कोडी संपून एकच 'करवर्ष' उरले. तरी ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या कमाईचा हिशेब जुन्याच कायद्याने होतो, हे विसरू नये.

नोकरदाराने वर्षारंभीच मालकाला सांगावे की, मला जुनी करपद्धत हवी की नवी. मालकानेही ते विचारायचे असते. नोकर गप्प राहिला तर नवी पद्धत धरून कापणी होते. नव्या पद्धतीत २०२५-२६ पासून पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत कर नाही. पण घरभाडे, देणगी यांच्या वजावटीही नाहीत. म्हणजे खोट्या पावत्यांचे कारणच पुष्कळांपुरते उरले नाही. मालकाने कापलेला कर पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत सरकारात भरावा (मार्चचा ३० एप्रिलपर्यंत). ही तारीख चुकली तर व्याज त्याच्याच माथी बसते.

लक्ष्मीपूजनाला आमच्याकडचे व्यापारी वहीची पूजा करतात. पगारदाराची वही म्हणजे त्याचे विवरणपत्र. तिची पूजा नको, पण ती एकदा वाचावी तरी.

यंदा जुलैत नाना पुन्हा आले. फॉर्म सोळा आणि बँकेचे पासबुक समोर ठेवून बसले. मी एकेक ओळ वाचली, त्यांनी एकेक आकडा ताडून पाहिला. दोन तास गेले. मी म्हटले, "नाना, आता सही करा."

"थांबा सर," नाना म्हणाले, "एकदा पुन्हा वाचा."