चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला

ही म्हण सगळ्यांना ठाऊक आहे; तिच्यातला हिशेब मात्र आता पटकन लक्षात येत नाही. जुन्या रुपयाचे आणे 16. चार आणि बारा मिळून पुरता रुपया होतो, आणि त्यातला पाऊण रुपया मूळ वस्तूवर नव्हे, तिच्या सरंजामावर जातो. इंग्रजीत महाग वस्तूसाठी एक हात आणि एक पाय द्यावा लागला असे म्हणतात. मराठी माणूस नाण्यांत बोलतो: दमडी, कवडीमोल, पै न पै, सोळा आणे खरे. 1 एप्रिल 1957 ला रुपयाचे 100 नवे पैसे झाले, तरी बोलण्यातले आणे गेले नाहीत.

यवतमाळसारख्या कापसाच्या जिल्ह्यात तर आणेवारी हा शब्द अजून रोजचा आहे. कागदोपत्री ती पैसेवारी. गावात प्रमाण उत्पन्नाच्या तुलनेत पीक किती आले, हे रुपयातल्या पैशांत सांगतात. आकडा 50 पैशांच्या आत आला तर टंचाईच्या सवलतींची वाट मोकळी होते, म्हणून डिसेंबरअखेरच्या अंतिम पैसेवारीकडे सगळ्यांचे लक्ष असते. मला ही मोजणी अपुरी वाटते. तिच्यात पीक येते, खर्च येत नाही. बियाणे, खत, फवारणी, निंदण आणि किलोवर मोजली जाणारी वेचणीची मजुरी तिच्या बाहेर राहते. बाजारभावही तिला दिसत नाही. पैसेवारी साठ निघाली आणि कापसाचा भाव पडला, तर सरकारी यादीत गाव सुस्थितीत असते आणि पीककर्ज थकलेलेच असते.