जनुकांची बेरीज आणि हृदयरोग

माझ्या आजोबांना मधुमेह होता. ते हृदयविकाराच्या झटक्याने गेले. वडिलांनाही मधुमेहच. मग हे आपल्याही रक्तात आले असेल काय, हा प्रश्न मला छळू लागला आणि मी त्याविषयी वाचू लागलो.

हृदयरोगाला सहसा एकच जनुक कारण नसते. २००७ साली नवव्या गुणसूत्रावर त्याच्याशी निगडित असा एक भाग सापडला. पुढे असे शेकडो सापडले. प्रत्येकाचा परिणाम अल्प. परंतु उत्तरपत्रिकेत कमी-अधिक गुणांच्या प्रश्नांची बेरीज करावी, तशी ही बेरीज केली की जनुकीय जोखमीचा गुणांक मिळतो. मधुमेही रुग्णांपैकी अधिक कोणाला जपावे, हे ठरविण्यास त्याची मदत होते. मात्र वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांच्या हिशेबात तो थोडीच भर घालतो. शिवाय हे संशोधन मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवर झाल्याने आपल्याबाबत तो तितका अचूक ठरत नाही.

गुणांक म्हणजे जन्मपत्रिका नव्हे. सर्वसामान्य लोकांच्या एका मोठ्या अभ्यासात (२०१६) जनुकीय धोका जास्त असूनही धूम्रपान न करणारे, योग्य आहार-व्यायाम ठेवणारे यांच्यात हृदयरोग जवळजवळ निम्म्याने कमी आढळला. हे वाचल्यापासून वडील आणि मी रोज पहाटे फिरायला जातो.