एका गुणाचं गणित

मे 2023 मध्ये शांघायच्या विश्वचषक तिरंदाजी स्पर्धेत बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरनं नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला 149-148 असं हरवून सुवर्ण मिळवलं. कंपाउंड धनुष्याच्या या प्रकारात प्रत्येकी 15 बाण 50 मीटरवरून सोडायचे, प्रत्येकाला जास्तीत जास्त 10 गुण. म्हणजे प्रथमेशचे चौदा बाण दहावर, एक नऊवर. दहाचं वर्तुळ 8 सेंटिमीटर व्यासाचं. बाण रेषेला नुसता टेकला तरी वरचा गुण मिळतो.

बाणामागची सरासरी काढली तर 9.93 विरुद्ध 9.87. या खेळात सरासरी पुरेशी बोलकी आहे, कारण बाण रुतला की हिशेब संपतो. अमेरिकी कॉलेज फुटबॉलच्या पंटमध्ये, म्हणजे लाथेनं चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे उडवण्यात, चेंडू खाली आला की हिशेब सुरू होतो. लाथेनं 45 यार्ड उडालेला चेंडू प्रतिस्पर्ध्यानं 8 यार्ड मागे आणला, तर निव्वळ पंट 37 यार्डांचा. चेंडू थेट मैदानाच्या शेवटच्या पट्ट्यात गेला तर 20 यार्ड वजा. म्हणून नुसती ढोबळ सरासरी वाचून पंटर जोखू नये.

पुन्हा तिरंदाजीकडे: त्याच 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत प्रथमेश, ओजस देवतळे आणि अभिषेक वर्मा यांनी कोरियाला 235-230 असं नमवलं. तिघांचे मिळून 24 बाण, गेले फक्त 5 गुण!