वस्ती हलली, मुलांची शाळा कुठे गेली?

जुलै महिन्यातली गोष्ट. कोर्टातून घरी आलो तर दारात एक ताई बसलेल्या. सोबत दहा वर्षांची मुलगी. रस्ता रुंदीकरणात त्यांची झोपडी गेली आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला सातव्या मजल्यावर खोली मिळाली. खोली मिळाली, पण मुलीची शाळा सुटली. नव्या जागेजवळच्या पालिका शाळेने सांगितले, "आधी जुन्या शाळेचा दाखला आणा." जुनी शाळा म्हणाली, "पुढच्या आठवड्यात या." ताई धुणीभांडी करतात. एक खेप म्हणजे एक खाडा. अशा चार खेपा झाल्या. तोवर मुलगी घरी बसून धाकट्या भावाला सांभाळत होती.

मी एक पानी अर्ज लिहून दिला. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम ५. दाखला मिळायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, लांबवताही येत नाही. उलट दाखला देण्यास विलंब करणारा मुख्याध्यापकच शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतो. आठ दिवसांत मुलगी वर्गात बसली. ताई म्हणाल्या, "दादा, असा कायदा होता तर आम्हाला कुणी सांगितलं का नाही?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. म्हणून हा लेख.

मुंबईत पालिकेची शाळा ही कष्टकऱ्यांची शाळा आहे. १९२० साली या शहरासाठी प्राथमिक शिक्षणाचा स्वतंत्र कायदा झाला. गिरणी कामगार, गोदी कामगार, सफाई कामगार यांची मुले याच शाळांत अक्षर शिकली. मराठी, हिंदी, उर्दूपासून तमिळ, तेलुगू, कन्नडपर्यंत आठ भाषांत या शाळा चालत आल्या, कारण हे शहर उभे करणारा मजूर साऱ्या देशातून आला होता.

आज एखादी शाळा बंद करायची झाली की एकच कारण पुढे येते: पट घटला. पण पट का घटला, हे कोण विचारणार? पालकांना इंग्रजी माध्यम हवे आहे, हे खरे. पालिकेनेही २०२० पासून 'मुंबई पब्लिक स्कूल' नावाने दुसऱ्या बोर्डांच्या शाळा काढल्या. परंतु दुसरे कारण कुणी बोलत नाही. गिरण्या गेल्या, चाळी गेल्या, झोपड्या उठवल्या. आधी वस्ती उठवायची, मग तिथल्या शाळेत मुले नाहीत म्हणायचे, हा कुठला न्याय? माणसे हलवताना खोलीचा हिशेब होतो, चौरस फुटांचा होतो. त्या घरातल्या मुलाच्या बाकाचा हिशेब कोण करतो?

कायद्याने तो पालिकेलाच करायचा आहे. कलम ९ प्रमाणे आपल्या हद्दीतील १४ वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवणे आणि स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश मिळवून देणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. ही मेहेरबानी नव्हे. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने कलम २१अ आले आणि ६ ते १४ वयाच्या मुलाचे शिक्षण मूलभूत हक्क झाले.

महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला आठच दिवस उरले असताना, १२ मार्च १९२७ रोजी, बाबासाहेब याच मुंबईत कायदेमंडळात शिक्षणाच्या खर्चावर बोलले. सरकार शिक्षणावर माणशी अवघे १४ आणे खर्च करते आणि दारूवरील करातून माणशी दोन रुपयांहून अधिक वसूल करते, हे त्यांनी आकड्यांनिशी मांडले. तळ्याचे पाणी आणि शाळेचा पैसा, दोन्ही सार्वजनिक. दोन्हींवर आपला हक्क. आपण पाण्याची लढाई लक्षात ठेवली, शाळेच्या हिशेबाची विसरलो.

आपल्यातल्या नोकरदार वर्गालाही एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. आपण पालिका शाळेत शिकलो, वर आलो, आणि आपली मुले खासगी शाळेत घातली. त्यात गुन्हा नाही. पण त्या शाळेकडे पाठ फिरवली, हा गुन्हा आहे. जिच्यासाठी बोलणारा कुणी उरला नाही, ती शाळा बंद करणे सोपे जाते.

तेव्हा बांधवांनो, तीन कामे करा. ज्या वस्तीचे पुनर्वसन झाले तिथल्या शाळा सुटलेल्या मुलांची यादी विहारात बसून तयार करा. दाखल्यासाठी अडवणूक झाली तर कलम ३२ खाली पालिकेकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तिसरे, शाळा व्यवस्थापन समितीत जा. कलम २१ नुसार तिथे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असल्या पाहिजेत. वंचित घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा आहेत. त्या जागा मुख्याध्यापकाच्या मर्जीतल्या नावांनी भरू देऊ नका.

त्या ताईंना मी सांगितले आहे, पुढच्या समितीत तुमचे नाव पाहिजे. त्या हसल्या, म्हणाल्या, "मला वाचता येत नाही, दादा." मुलगी पटकन म्हणाली, "मी वाचून दाखवीन."

जयभीम!